तुम्ही गैरहजर नव्हता, आबा

आबा, तुम्हाला पोलीस घेऊन गेले त्या आठवड्यात माय दोन दिवस नळावर गेली नाही. रबाळ्याच्या आपल्या गल्लीत पाणी सकाळी तासभर येतं आणि त्या तासात वस्तीतल्या सगळ्या बायका तिथं असतात. पिंपातलं पाणी तळाला गेलं तेव्हा तिला जावंच लागलं. ती पोचली आणि बायका बोलायच्या थांबल्या. तिचा हंडा भरेपर्यंत कुणी शब्द काढला नाही. घरी येऊन ती मला म्हणाली, "शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं गं."

मी तेव्हा बारावीत होते. तुम्ही द्रोणागिरीच्या एका गोदामात गेटवर सिक्युरिटी होता. तिथून कपड्यांची खोकी गायब झाली आणि मॅनेजरनं सांगितलं की गाडी नोंद न करता बाहेर गेली, म्हणजे वॉचमन सामील. तुमचं रजिस्टर दाखवा म्हटलं तर रजिस्टर सापडत नव्हतं. ज्या माणसानं आयुष्यात एक गाडी नोंदीशिवाय सोडली नाही, त्याच्यावर हा आरोप. जामिनावर सुटून आलात तेव्हा काम गेलेलं होतं. एजन्सीनं गणवेश परत मागितला, शिट्टीसकट. माय एमआयडीसीत प्लॅस्टिकचे डबे पॅक करायची, ती दोन पाळ्या करायला लागली. शेजारच्या पोरांना आपल्या दारात खेळू देत नव्हते. आपण सगळ्यांनी मान खाली घालून चालायची सवय करून घेतली, फक्त तुम्ही सोडून.

तुमच्या जलदान विधीला वस्तीचे अध्यक्ष उभे राहिले. तेच, ज्यांनी नऊ वर्षं आपल्या घरचा चहा घेतला नाही. म्हणाले, "आबा नशीबवान. निकाल ऐकूनच डोळे मिटले. कोर्टात उशीर होतो, पण न्याय होतोच. शांतपणे गेले." लोकांनी माना हलवल्या. मी मायच्या शेजारी बसले होते. उठून बोलणार होते, मायनं माझा पदर धरला. म्हणून आता लिहिते आहे. तुम्ही शांतपणे गेला नाहीत. थकून गेलात. त्या दोन्हींत फरक आहे आणि तो ज्याला कळत नाही त्यानं माइक हातात घेऊ नये.

नशीबवान म्हणे.

तुमचं रजिस्टर मला आठवतं. लांब, जाड पुठ्ठ्याचं. गाडी नंबर, ड्रायव्हरचं नाव, इन, आऊट, सही. ड्रायव्हर पेन घेऊन जातात म्हणून तुम्ही ते दोऱ्यानं खिशाच्या बटणाला बांधून ठेवायचा. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण अक्षर असं की ओळीच्या बाहेर काना जायचा नाही. मी कॉलेजला जायला लागले तेव्हा केस सुरू होऊन वर्ष झालं होतं, तुम्ही घरीच बसून होता. तर तुम्ही एक दोनशे पानी वही आणलीत आणि दाराला लटकवली. "सुजाता. कॉलेज. आऊट सात दहा." संध्याकाळी "इन". मी चिडायचे.

"आबा, मी काय ट्रक आहे का?"

"ट्रकपेक्षा भारी माल हाय," तुम्ही म्हणायचा. "ट्रक गेला तर दुसरा येतो."

मैत्रिणी हसायच्या. मी बी.कॉम. पास झाले त्या दिवशी तुम्ही त्याच वहीत लिहिलंत, "सुजाता. ग्रॅज्युएट. इन." आपल्या खानदानात पहिली. आऊटचा रकाना रिकामा ठेवलात. ती वही मी कुणाला दाखवत नाही.

मग साखरेनं पाय खाल्ला. फोड, जखम, ऑपरेशन, आणि उजवा पाय गुडघ्याखालून गेला. डावा गुडघा आधीच झिजलेला. कुबड्यांवर घरातल्या घरात जमायचं, पण कोर्ट दुसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट होती. तिच्यावर पाटी होती की ती फक्त न्यायाधीश आणि कर्मचाऱ्यांसाठी आहे, आणि बहुतेक दिवस ती त्यांच्यासाठीही बंदच असायची. पहिल्या तारखेला मामा, मामाचा मुलगा, रिक्षावाला आणि एक अनोळखी माणूस, अशा चौघांनी तुम्हाला प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचललं. मी कुबड्या घेऊन मागे. पहिल्या वळणावर वरून एक म्हातारी येत होती. ती भिंतीला चिकटून उभी राहिली आणि तिनं हात जोडले.

तिचं चुकलं नाही. चौघांनी उचललेला माणूस बघून आपल्याकडे हात जोडतात.

तारीख पडली, खाली आलो, रिक्षात बसलो, तेव्हा म्हणालात, "सुजे, ह्याच्यापुढं मला कुनी उचलायचं न्हाई. चौघांनी उचलायला म्या मेलो व्हय?"

मी तुमच्याशी भांडले. आबा, मी खूप भांडले. म्हटलं, पाच मिनिटांचा प्रश्न आहे, डोळे मिटून घ्या. तुम्ही म्हणालात, डोळं मिटल्यावर तर अजूनच मढं दिसंन. मी आवाज अजून चढवला.

पुढच्या तारखेला मला सुट्टी मिळाली नाही. मी तेव्हा न्हावा शेवा बंदराजवळच्या एका कस्टम एजंटच्या ऑफिसात नवी लागले होते. माय पाळीवर. तुम्ही म्हणालात, "म्या जातो एकटा. काय त्याच्यात." रिक्षानं गेलात. गेटवरच्या पोलिसाला म्हणालात, माझं नाव लिहून घ्या. तो म्हणाला, "काका, इथं कोर्टाला येणाऱ्यांची नोंद नसते. हे रजिस्टर सामान घेऊन येणाऱ्यांचं." तुम्ही ऐकलं नाहीत. पेन तुमच्याच खिशात होतं. त्यानं कंटाळून रजिस्टर पुढं सरकवलं, तुम्ही पूर्ण नाव लिहिलंत, केस नंबर लिहिलात, इन दहा पाच लिहिलंत, सही केलीत. मग गेटजवळच्या शेडखाली बाकावर बसलात. तुमच्या मते हजेरी लागली होती. तीस वर्षं गेटवर काढलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? नाव रजिस्टरात आहे म्हणजे माणूस आत आहे. बोलावतील तेव्हा बोलावतील.

दुसऱ्या मजल्यावर कोर्टाच्या दारात शिपायानं तुमचं नाव तीनदा पुकारलं. आपला वकील त्या दिवशी आलाच नव्हता. आरोपी गैरहजर. वॉरंट.

तुम्ही पाच वाजेपर्यंत बसून होता. जाताना रजिस्टरात आऊट टाकलात. घरी येऊन मला म्हणालात, "झाली तारीख." आणि मीही विचारलं नाही की पुढची कधीची दिली. ग्रॅज्युएट पोरगी. मला विचारायला हवं होतं.

तीन आठवड्यांनी संध्याकाळी दारात जीप उभी राहिली. हवालदार म्हणाला, "चला काका, अजामीनपात्र आहे, आमच्या हातात काय नाय." माय भाकऱ्या थापत होती, पिठाच्या हातानं बाहेर आली. तुम्ही म्हणत होता, "म्या हजर व्हतो. म्या हजर व्हतो सायेब, गेटवर नाव हाय माझं." गल्ली बघत होती. अध्यक्षही बघत होते.

आणि दुसऱ्या दिवशी, आबा, मी जे पाहिलं त्याचा राग माझ्या मरणापर्यंत जाणार नाही. त्याच इमारतीत, त्याच जिन्यावरून, तुम्हाला चार पोलिसांनी उचलून वर नेलं. दोघांनी बगलेत धरलं, दोघांनी मांड्यांखाली. दीड मिनिटात वर. तुम्ही आपल्या पायानं, आपल्या मर्जीनं न्याय मागायला गेलात तेव्हा ह्या सरकारकडे एक चालू लिफ्ट नव्हती. पकडून न्यायचं म्हटल्यावर चार माणसं लगेच मिळाली.

तळमजल्यावर मोफत कायदेशीर मदतीची एक खिडकी होती. इतकी वर्षं तिच्यासमोरून आपण गेलो, कुणी सांगितलं नाही की ती आपल्यासाठी आहे. त्या दिवशी तिथं एक वकील मॅडम बसल्या होत्या, माझ्याच वयाच्या असतील, डबा खात होत्या. मी रडत नव्हते, ओरडत होते. त्यांनी डबा बंद केला आणि माझ्याबरोबर वर आल्या. तुम्ही तेच सांगत होता, गेटवर नाव आहे. बाकावरचे दोन वकील हसले. "गेटवर? काका, हे काय गोदाम आहे का?"

मॅडम हसल्या नाहीत. "कुठल्या गेटवर?" एवढंच विचारलं आणि जिना उतरून गेल्या. येताना गेटवरचा पोलीस आणि रजिस्टर दोन्ही घेऊन आल्या.

न्यायाधीश साहेबांनी ते पान बराच वेळ पाहिलं. खाली-वर सगळे टेम्पोवाले आणि झेरॉक्स कागदाचे गठ्ठे, मधे तुमची ती एक ओळ. इन दहा पाच. आऊट पाच दहा. साहेबांनी शिपायाला विचारलं, "पुकारा कुठून केलास?"

"दारातून साहेब. रोज करतो तसाच."

"खाली गेटपर्यंत ऐकू जातो?"

"खाली कशाला जाईल साहेब," शिपाई म्हणाला. त्याला खरंच नवल वाटलं होतं.

वॉरंट रद्द झालं. साहेब तुम्हाला म्हणाले, "तुम्ही वर निरोप का नाही पाठवला?" तुम्ही म्हणालात, "सायेब, गेटवरचा मानूस गेट सोडत न्हाई." यावेळी कुणी हसलं नाही.

मॅडम मला म्हणाल्या, अर्ज कर, सुनावणी तळमजल्यावर घ्या म्हणून. तूच लिही, मी तपासते. मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लिहिला. मराठीत. आयात मालाच्या बिल ऑफ एन्ट्रीचे फॉर्म भरणाऱ्या हातानं. लिहिलं की माझे वडील चोर आहेत की नाही हे कोर्टानं ठरवायचं आहे, ते जिन्यानं ठरवू नये. मॅडमनी ते वाक्य खोडलं, मग परत लिहिलं. म्हणाल्या, राहू दे.

त्या अर्जावर सात महिने गेले. तळमजल्यावर एक खोली होती, मोडक्या खुर्च्या आणि जुन्या कपाटांनी भरलेली. तिची चावी कुणाकडे आहे, सामान कुणाचं आहे, हलवायची परवानगी कुणी द्यायची, ह्यात सात महिने. मी ऑफिसात अर्ध्या अर्ध्या रजा टाकून चकरा मारल्या. एक कारकून म्हणाला, "एका माणसासाठी कुठं कोर्ट खाली आणतात का ताई?" मी म्हटलं, "एका माणसाला वर न्यायला चार पोलीस आणले होते की." त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि फाईल वरच्या गठ्ठ्यात ठेवली.

ह्या सगळ्या काळात आपलं दोघांचं एकच भांडण चालू होतं. तुम्ही म्हणायचा, "कोर्ट वाईट न्हाई सुजे. जिना वाईट हाय." घरातल्या भिंतीवरच्या संविधानाच्या उद्देशिकेकडे बोट दाखवायचा. मी म्हणायचे, जिना कुणी बांधला? लिफ्टवर पाटी कुणी लावली? जिना हेच कोर्ट आहे आबा, आपल्यासारख्यांना तेवढंच दिसतं. तुम्ही मान हलवायचा. "ज्यानं गेट बांधलं त्याच्यावर राग धरून वॉचमननं झोपायचं नसतं." मला हे अजून पटत नाही. तुम्ही गेलात आणि भांडण माझ्याच अंगावर राहिलं. समोरून कुणी बोलत नाही, म्हणून मी जिंकले असं होत नाही.

आता ते सांगते जे कधी बोलले नाही.

पाय जायच्या आधीची गोष्ट. जुना वकील घरी आला होता. म्हणाला, गुन्हा कबूल करून टाका. कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा होईल, थोडा दंड, विषय संपला. मला तेव्हा पहिल्या नोकरीची ऑफर होती. बंदरात जायच्या पाससाठी पोलीस व्हेरिफिकेशन लागतं, आणि मला भीती वाटत होती की घरात चालू केस आहे म्हणून अडवतील. मी म्हटलं, "सही करून टाका ना आबा. कुणाला काय फरक पडतो." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. वकील गेल्यावर म्हणालात, "खोट्यावर सही करायला म्या तुला शिकवलं व्हय?" आणि चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत. वहीत मात्र माझं इन-आऊट लिहीत राहिलात. व्हेरिफिकेशनमध्ये काही अडलं नाही. केस तुमच्यावर होती, माझ्यावर नव्हती. एवढंही मी कुणाला विचारून घेतलं नव्हतं. पाचव्या दिवशी तुम्ही म्हणालात, "चहा टाक," आणि मी टाकला, आणि आपण दोघांनी असं धरलं की झालं ते झालं.

नाही झालं, आबा. ज्या गल्लीवर मी दात खाते त्या गल्लीनं तुम्हाला चोर म्हटलं. मी तर तुम्हाला स्वतःच्या हातानं चोर लिहून द्यायला सांगत होते. मला माफ करा असं म्हणायला तुम्ही निकालानंतर मला एकोणीस दिवस दिले होते. मी त्यातले सगळे दिवस पेढे वाटण्यात घालवले. वस्तीत एक घर सोडलं नाही. ज्यांनी तोंड फिरवलं होतं त्यांना मुद्दाम दोन दोन दिले. तो राग होता, आनंद नव्हता. तुम्हाला कळलं होतं. "किती गोड खाऊ घालशील त्यास्नी," असं म्हणाला होतात.

खालच्या खोलीत पहिली सुनावणी झाली त्या दिवशी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला होता. रिक्षा थेट दारापर्यंत. कुबड्यांवर, स्वतःच्या ताकदीवर, तुम्ही आत गेलात. साध्या टेबलापलीकडे साहेब बसले होते. गोदामाचा मॅनेजर साक्षीला आला. वकील मॅडमनी त्याला विचारलं, रजिस्टर कुठं आहे? म्हणाला, हरवलं. मग गाडीची नोंद नव्हती हे तुम्ही कशावरून सांगता? तो आधी सरकारी वकिलाकडे बघायला लागला, मग छताकडे.

पण मला आठवतो तो त्यानंतरचा दिवस. साहेबांनी तुम्हाला विचारलं, "तुमच्याविरुद्ध जे सांगितलं गेलं त्यावर तुम्हाला काही सांगायचं आहे?" तुम्ही आधी खिशातलं पेन चाचपलंत. मला वाटलं विसरलात. मग म्हणालात, "सायेब, हे मला आजपोतर कुनी इचारलंच न्हाई."

साहेब म्हणाले, "मी विचारतोय. सांगा. बसूनच सांगा."

आणि तुम्ही सांगितलंत. त्या दिवशी कोणत्या गाड्या आल्या, किती वाजता, कोणता ड्रायव्हर चिडला होता, कोणत्या गाडीचं मागचं दार नीट लागत नव्हतं म्हणून तुम्ही थांबवलीत आणि मॅनेजरनं फोन करून सोडायला लावलीत. नऊ वर्षांपूर्वीचा एक दिवस, ओळीनं, जणू रजिस्टर समोर उघडं आहे. टाइप करणारी बाई दोनदा म्हणाली, सावकाश सांगा. तुम्ही थांबायचा, तिचे हात थांबले की पुढं बोलायचा. माय बाहेर बाकावर होती, तिला सगळं ऐकू येत होतं. तीस वर्षांच्या संसारात तिनं तुम्हाला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

एवढंच हवं होतं. एक टेबल, एक खुर्ची, आणि समोरच्या माणसाचा एक प्रश्न. ह्यासाठी तुमचा पाय गेला नाही, तो साखरेनं गेला. पण ह्यासाठी तुमची नऊ वर्षं गेली, मायची कंबर गेली, आणि तुम्ही, ज्यांनी कुणाला नोंदीशिवाय आत सोडलं नाही, ते जीपमध्ये कोंबले गेलात. कुणी मला म्हणालं की शेवट गोड झाला, तर मी त्याला सरळ सांगते, तुमचा बाप ह्या जागी ठेवून बघा आणि मग बोला.

तुम्ही गेल्यावर मी एकदा कोर्टात गेले, निकालाची नक्कल घ्यायला. वकील मॅडम भेटल्या. त्यांच्याबरोबर एक बाई होती, पोलिओ झालेली, नवऱ्याविरुद्ध पोटगीची केस. ती खालच्या, तुमची सुनावणी झालेल्या खोलीतून बाहेर येत होती. तिला तुमचं नाव माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

निकालपत्रात लिहिलंय की आरोपीविरुद्ध पुरावा नाही, त्याची निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे. ते तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही शुद्धीवर होता आणि तुम्हाला ते समजलं. जिना चढू न शकणाऱ्यांची सुनावणी आता तळमजल्यावरच्या त्या खोलीत होते. इमारतीतली बाकीची दोन कोर्टंही ती वापरतात. कुणी गैरहजर लिहायच्या आधी शिपाई खाली येतो आणि गेटपाशी उभा राहून नाव पुकारतो.